सही देण्याआधी सातबाऱ्यावर नाव लागू द्या

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही चुकत असेल तर कळेल. वडिलांना जाऊन वर्ष होत आलं. मागे सहा एकर जमीन आहे. त्यातली चार आजोबांकडून आलेली, दोन वडिलांनी स्वतः घेतलेली. शिवाय गावातलं राहतं घर. वारस चौघं: आई, दादा, मोठी ताई आणि तुम्ही. शेती दादा बघतो, आई त्याच्याकडे असते. वर्षश्राद्धाला सगळे जमणारच आहेत, तर त्याच दरम्यान दादाच्या नावे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, उरकून टाकू, असा निरोप आला आहे. मोठी ताई सही द्यायला तयार आहे. आई म्हणते, 'सही दे, माहेर राहील. मीही देणारच आहे.' तुमचे मिस्टर म्हणतात, 'आपला हक्क का सोडायचा?' आणि तुम्ही विचारताय, सही दिली तर मी मूर्ख ठरेन का, आणि नाही दिली तर वाईट बहीण ठरेन का.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करते. वाटपाचे दावे आणि हक्कसोडपत्रं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे सरळ सांगते: तुम्ही कायद्याचा प्रश्न म्हणून विचारलंय खरं, पण कायद्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. अडलंय ते दुसरीकडेच. घरात चौघं वारस आहेत आणि आपला चांगुलपणा सिद्ध करायची वेळ तिघी बायकांवरच आली आहे. दादाला कुणी म्हटलेलं नाही की तू चांगला भाऊ असशील तर तुझा हिस्सा बहिणींना सोड. दादा वाईट आहे असं मी म्हणत नाही. असं विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर त्यांनी स्वतः घेतलेल्या दोन एकरांचं चित्र बदलेल. वडिलांच्या हयातीत नोंदणीकृत वाटप झालं असेल तरी बदलेल. मी तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरून चाललेय. त्यात बौद्ध, जैन, शीख कुटुंबंही येतात. मुस्लिम कुटुंबात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. ख्रिस्ती कुटुंबात १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा-मुलगी समान असतात. आणि जमीन कूळकायद्याची, वतनाची किंवा नवीन शर्तीची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर सातबारा बघितल्याशिवाय कुणीच ठामपणे बोलू नये.

मृत्युपत्र नाही असं धरलं तर सहा एकरांत तुमचा हिस्सा चौथा, म्हणजे दीड एकर. आजोबांकडून आलेल्या जमिनीला एक नियम आणि वडिलांनी घेतलेल्या जमिनीला दुसरा, असं लोक सांगतात. नियम वेगळे आहेत हे खरं, पण तुमच्या घरात दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. वडिलोपार्जित धरली तर आधी वडील, आई आणि तीन मुलं असे पाच हिस्से पडतात आणि वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत वाटला जातो. बेरीज करून बघा, प्रत्येकी चौथाच येतो. स्वकष्टार्जित धरली तर थेट चार हिस्से. घरालाही हेच लागू. तुमचं लग्न कधी झालं, लग्नात किती खर्च झाला, याने हिस्सा कमी होत नाही.

हे इतकं सरळ पूर्वी नव्हतं, आणि किती बदललंय ते आकड्यांतच कळतं. सांगलीच्या कोर्टात हिराबाई मगदूम यांनी १९६२ साली दावा लावला होता. पती १९६० मध्ये वारले होते. मागे त्या, दोन मुलगे आणि तीन मुली. आपला हिस्सा मिळावा म्हणून या विधवेला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि समोर प्रतिवादी होता स्वतःचा मुलगा. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचा ७/२४ हिस्सा मान्य केला. वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल शिकवतात. पण त्यातलं दुसरं गणित फार कुणी बोलून दाखवत नाही. त्या हिशेबाने प्रत्येक मुलाला ७/२४ आणि प्रत्येक मुलीला १/२४. एकाच आईच्या पोटची लेकरं आणि सात विरुद्ध एक. तेच कुटुंब आज कोर्टात आलं तर आई, दोन मुलगे, तीन मुली अशा सहाही जणांना सारखा सहावा हिस्सा मिळेल.

मधल्या काळात जे घडलं त्यात महाराष्ट्र पुढे होता. २२ जून १९९४ पासून राज्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला. फक्त त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राचा कायदा ९ सप्टेंबर २००५ ला आला आणि लग्न झालेली-न झालेली हा फरक गेला. तरी 'त्या तारखेला वडील हयात हवे होते का' यावर पंधरा वर्षं वाद चालले. सुप्रीम कोर्टाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तेही मिटलं: वडील हयात असण्याची गरज नाही.

म्हणजे कायदा कागदावर तुमच्या बाजूने पूर्ण झाला आहे. आणि नेमकं त्यानंतर हक्कसोडपत्राचं महत्त्व वाढलं. पूर्वी बहिणीचं नाव बाजूला ठेवायला सहीची गरजच पडत नव्हती. जुने सातबारे काढून बघा. मोठ्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकी सगळे त्या तीन अक्षरांच्या आड. नाहीतर मुलग्यांची नावं कब्जेदार म्हणून आणि आई-बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात. हक्क सारखाच, पण रकाना वेगळा. गावातल्या कुणीही तो उतारा वाचला की मालक कोण हे त्याच्या डोक्यात पक्कं व्हायचं. आता तसं करता येत नाही, म्हणून बहिणीची सही लागते. आणि सही लागते म्हणून तिची मनधरणी होते.

आता आई जे म्हणते, 'सही दे, माहेर राहील', त्याकडे येते. या बोलण्याला मी खुळचट म्हणणार नाही. त्यामागे एक जुना करार आहे. मुलाने गावात राहायचं, शेती करायची, आईबापांना शेवटपर्यंत सांभाळायचं, बहिणी आल्या-गेल्या की साडीचोळी करायची, तिच्या बाळंतपणाला, तिच्या पोरांच्या लग्नात मामा म्हणून उभं राहायचं, आणि तिच्यावर वेळ आलीच तर तिला घर उघडं ठेवायचं. बदल्यात बहिणीने जमिनीवर बोट ठेवायचं नाही. या करारात दोघांनाही भूमिका आधीच वाटून दिलेल्या आहेत आणि दोघांनाही कुणी विचारलेलं नाही. दादाला तरी गावात राहायचं होतं का? त्याला नोकरीसाठी बाहेर पडायचं असेल आणि 'एकुलता एक मुलगा, शेती कोण बघणार' म्हणून तो थांबला असेल तर त्याचीही किंमत त्याने मोजली आहे. माझ्याकडे येणाऱ्या भावांत असे खूप असतात. बोलत नाहीत, पण दोन वर्षं सोयाबीनला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलेलं, आणि त्यात बहिणीची नोटीस आली की ती त्यांना पाठीत बसते.

अडचण अशी की हा करार कुठेच लिहिलेला नसतो. बहिणीच्या बाजूची अट मात्र नोंदणीकृत दस्ताने पक्की होते आणि भावाच्या बाजूची अट त्याच्या मर्जीवर राहते. पुढे भाऊ गेला, वहिनीशी पटलं नाही, भाच्यांनी जमीन विकली, तर साडीचोळीचा दावा कुठल्या कोर्टात लावणार? दादा शब्द पाळणारा असेलही. पण दस्त दादापुरता नसतो, तो दादाच्या वारसांनाही मिळतो.

सहीचा तो दिवस कसा असतो ते सांगते, कारण बहुतेक जणींना कल्पना नसते. सकाळी भाऊ गाडी घेऊन येतो. वाटेत चहा होतो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्तलेखकाच्या टेबलावर कागद तयार असतात. बहिणी बाकावर बसतात, मांडीवर कापडाच्या दुकानाच्या पिशव्या, कारण साड्या येतानाच घेतलेल्या असतात. प्रत्येक पानावर सही, मग आत. कॅमेऱ्यासमोर बसायचं, पदर नीट करायचा, अंगठा यंत्रावर टेकवायचा. आतला माणूस विचारतो, 'दस्तातला मजकूर मान्य आहे ना?' ती मान हलवते. पुढचा टोकन नंबर पुकारला जातो. सगळं मिळून जेवणाच्या वेळेआधी आटोपतं. भावाबहिणींतल्या हक्कसोडाला बहुतेक वेळा मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यामुळे पैशाचीही आडकाठी नसते. आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार, आणि साडी निवडायला त्याहून जास्त वेळ दिलेला असतो.

त्या कागदात काय असतं? 'मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, विनामोबदला, माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध कायमचा सोडून देत आहे.' आणि खाली मिळकतीचं वर्णन. त्या वर्णनात कधी कधी तालुक्याच्या गावातला प्लॉटही असतो, ज्याबद्दल बहिणीला माहीतच नसतं. कुणी मुद्दाम लपवतो, कुणी 'एकदाच सगळं उरकू' म्हणून टाकतो, परिणाम एकच. नंतर उलटवायचं म्हटलं तर दिवाणी दावा, फसवणूक किंवा दडपण सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. 'राजीखुशीने' लिहिलेल्या कागदावर स्वतःची सही असताना 'मला राजी केलं गेलं' हे सिद्ध करणं किती अवघड असतं ते मी रोज बघते. रडत सही केली हे कोर्टात पुरावा म्हणून उभं राहत नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी ओळ ही आहे: 'मीही देणारच आहे.' ताई, तुमच्या सहीचा निर्णय सावकाश घेतला तरी चालेल. आईची सही मात्र आधी थांबवा.

आईचाही चौथा हिस्सा आहे. दीड एकर आणि घराचा चौथा भाग तिच्या मालकीचा, तिच्या एकटीचा. आयुष्यभर त्या रानात खुरपणी तिने केली आणि कागदावर पहिल्यांदा तिचं नाव लागायची वेळ आली, तेव्हाच ती ते सोडायला निघाली आहे. तिला हे विचित्र वाटत नाही, कारण तिच्या मनात जमीन आधी सासऱ्याची होती, मग नवऱ्याची, आता मुलाची. मध्ये तिची कधी नव्हतीच. ती म्हणेल, 'मला काय करायचंय, मी त्याच्याकडेच खाणार.' पण दीड एकर नावावर असलेली आई मुलाकडे राहते आणि काहीच नावावर नसलेली आई मुलाकडे राहते, यात फरक असतो. औषध संपलं हे एकीला सांगता येतं, दुसरीला सांगायला अवघड जातं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण आपल्या मुलाविरुद्ध अर्ज देणाऱ्या आया मी अगदी मोजक्या बघितल्या, आणि ज्या आल्या त्या फार उशिरा आल्या. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुलाने सांभाळलं नाही तर दिलेली मिळकत परत मागता येते, पण दस्त देताना सांभाळण्याची अट असेल तर. नेहमीच्या छापील हक्कसोडात ती अट नसते. म्हणून आईने आपल्या हयातीत हिस्सा सोडू नये, हे माझं ठाम मत आहे. तिला दादालाच द्यायचं असेल तर मृत्युपत्र करता येतं. तिच्यानंतर ते दादाला जाईल, तोवर तिच्या नावावर राहील. दादाचा हेतू साफ असेल तर त्याचं यात काहीच बिघडत नाही.

मिस्टरांबद्दलही बोलायला हवं. त्यांचं 'आपला हक्क' हे बोलणं मी दोन वेळा वाचलं. हक्क आपला नाही, तुमचा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बाईला मिळालेली मिळकत पूर्णपणे तिची असते. नवऱ्याचा त्यावर तिच्या हयातीत काडीचा हक्क नाही. बहीण माहेरच्या दबावाने सही करते तशीच सासरच्या दबावाने दावाही लावते, आणि दोन्ही वेळी तिला काय हवंय ते कुणी विचारलेलं नसतं. दावा लावायला आलेल्या बाईला मी म्हणूनच पाच मिनिटं एकटीला बसवते. नवरा बाहेर थांबतो. त्या पाच मिनिटांत बरंच कळतं. मिस्टर तुमच्या काळजीने बोलत असतील, तसं समजायला जागा आहे. पण हिस्सा मिळाला तर तो कुणाच्या नावावर राहणार, कुणाच्या फ्लॅटच्या हप्त्यात जाणार, हे आत्ताच त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्या.

दादाच्या बाजूच्या काही भीत्या खऱ्या असतात, त्यांना नीट उत्तरं आहेत. 'उद्या जावई येऊन परक्याला विकेल.' वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाने वारशाने आलेला हिस्सा विकायचा ठरवला तर दुसऱ्या वारसाला तो विकत घेण्याचा पहिला हक्क असतो, आणि शेतजमिनीलाही तो लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. 'बहिणीच्या पश्चात जमीन सासरी जाईल.' तिला मुलं असतील तर तिची मुलं आणि नवरा वारस होतील, हे खरं. जशी दादाची त्याच्या बायकोमुलांना जाईल. मूलबाळ नसेल तर आईबापांकडून आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडेच परत येते. 'जमिनीचे तुकडे होतील.' दीड एकर म्हणजे साठ गुंठे; २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत तुकडेबंदीची मर्यादा, म्हणजे लहानात लहान तुकडा, जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे आहे, तेव्हा कायद्याची अडचण तुमच्या जमिनीला येत नाही. शिवाय नाव लागलं म्हणजे बांध घातला असं होत नाही. पीककर्जाला सहहिस्सेदारांची संमती लागते, ही मात्र दादाची खरी कटकट आहे. दरवर्षी ती वेळेवर द्यायची तयारी ठेवा. त्याला तालुक्याला खेटे घालायला लावलेत तर तुमचं बरोबर असूनही तुम्ही चुकाल.

आणि 'शेतकरी घरात हे चालत नाही' असं कुणी म्हणालं तर त्यांना आठवण करून द्या. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी, कुठल्या कोर्टाने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करून दिली. शंभर घरांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्ती गाव म्हणून गौरवलं जायचं. ही माणसं आपल्यातलीच होती, जिरायत कसणारी. त्यातल्या कुणाची शेती त्यामुळे बुडाली असं माझ्या ऐकण्यात नाही. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापैकी, बायका जेमतेम १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. रानातल्या मजुरांत किती बायका असतात ते तुम्ही-मी दोघी जाणतो.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात सही 'द्या' किंवा 'देऊ नका' या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा असते, आणि घरं वाचतात ती तिथेच.

पहिली पायरी, चौघांचीही नावं सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून लागू द्या. याला वारस नोंद म्हणतात, हे वाटप नव्हे. दादा पूर्वीसारखीच शेती करत राहील. यात कुणाचं काहीच जात नाही. फक्त तुम्ही जे देणार किंवा ठेवणार आहात ते आधी तुमचं होतं. जे आपल्या नावावर कधी आलंच नाही ते सोडलं तर गावात त्याला देणं म्हणत नाहीत. 'बहिणींचं काही नव्हतंच' असं म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. वर्षश्राद्धाला सही करू नका. दुःखाच्या दिवसांत आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात कुणीच नीट नाही म्हणू शकत नाही, आणि नीट हो सुद्धा म्हणू शकत नाही. एक हंगाम जाऊ द्या.

त्यानंतर चौघांनी बसून ठरवायचं. दादाने खरोखर आईवडिलांचं केलं असेल, दवाखाने केले असतील, तर त्याला जास्त मिळावं असं मलाही वाटतं. मग ते मोजून द्या. बागायत आणि विहिरीकडचा भाग त्याला, तुम्ही दोघी बहिणींनी जिरायतातला एखादा एकर, असं वाटणीपत्र होऊ शकतं. जमीन नको असेल तर घरातली एक खोली तुमच्या नावावर राहू शकते. ही खोली मी मुद्दाम सुचवते, कारण वेळ आलेल्या बाईला एकरापेक्षा खोलीची गरज आधी पडते. पैसे घेऊनही हक्क सोडता येतो, हप्त्याने, चेकने, दस्तात तसं लिहून. दादाऐवजी आईच्या नावे हक्क सोडता येतो. तसं केलंत तर बदल्यात तिने स्वतः सही करायची नाही एवढं कबूल करून घ्या. किंवा काहीच सोडायचं नाही आणि काही मागायचंही नाही. नावं राहतील, दादा कसेल, वर्षाला घरी गहू-ज्वारी येईल. पुष्कळ घरांत असंच चाललंय. मोबदला असेल, किंवा वडिलांनी स्वतः घेतलेल्या दोन एकरांचा विषय असेल, तर मुद्रांकाचा हिशेब वेगळा पडू शकतो; तो दस्तलेखकाच्या भरवशावर न सोडता तुमच्या वकिलाला विचारा. आणि कुठलाही मसुदा आधी घरी मागवा, गट नंबर आणि क्षेत्र स्वतः ताडून बघा.

हे सगळं समजून-उमजून झाल्यावर तुम्हाला पूर्ण हिस्सा दादाला द्यावासा वाटला तर खुशाल द्या. मी अशा बहिणींचे दस्त आनंदाने करून दिले आहेत. मूर्ख वगैरे कुणी ठरत नाही.

हिस्सा ठेवणार असाल तर एक गोष्ट मात्र मी तुमच्याकडून मागेन. कायद्याने आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. सुप्रीम कोर्टाने ते १९८७ मध्येच स्पष्ट केलंय. तेव्हा 'मी काय, सासरी असते' हे वाक्य सोडून द्यावं लागेल. आईच्या मोतीबिंदूचा खर्च तिघांत, वर्षातले काही महिने आई तुमच्याकडे, तिच्या तपासणीच्या तारखा तुम्हालाही पाठ. मिस्टरांनाही हे आधी सांगा. सासूची जबाबदारी जावयाने घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही, पण हिश्शाबाबत पद्धत बदलायची आणि सांभाळायच्या बाबतीत जुनी ठेवायची, असं चालणार नाही. आई 'लेकीच्या घरी कशी राहू' म्हणून अडेल. तिला समजवायला जमिनीपेक्षा जास्त वेळ लागेल, तयारी ठेवा.

दादाशी बोलताना काय म्हणू, असं विचारलंय. फोनवर नको, वहिनीच्या किंवा मिस्टरांच्या तोंडून नको, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको. समोर बसून, शक्यतो रानातच. 'दादा, मला जमीन विकायची नाही आणि तुझ्या वहिवाटीत यायचं नाही. कर्जाला सही लागेल तेव्हा मी येईन. पण आईचं आणि आम्हा दोघींचं नाव लागू दे. पुढचं आपण उन्हाळ्यात बसून ठरवू. आणि आईने काही सोडायचं नाही, ती असेपर्यंत तिचं तिला राहू दे.' एवढंच. कायदा, कलम, २००५ हे शब्द पहिल्या बोलण्यात काढू नका. ते ऐकले की माणूस वकिलाकडे धावतो. तो चिडेल. कदाचित या दिवाळीला भाऊबीजेचा फोन येणार नाही. ते दुखेल, खोटं सांगणार नाही. माझ्याकडच्या बऱ्याच घरांत वर्ष-दोन वर्षांनी बोलणं सुरू झालं, काही घरांत नाही झालं. ज्या भावांनी सही मिळाल्यावरही बोलणं कमी केलं तेही मी बघितले आहेत, म्हणून सहीने नातं टिकतंच असं मला वाटत नाही.

त्याआधी मोठ्या ताईशी बोला. तिने हो म्हटलंय ते तुमच्याआधी, एकटीने, कदाचित आपण मोठ्या म्हणून. तिला हे गणित कुणी सांगितलेलं नसेल. ती सही देणारच म्हणाली तर तिच्याशी भांडू नका, फक्त नाव लागेपर्यंत थांब म्हणा.

नोंदीचं काम अवघड नाही. वडिलांचा मृत्यू दाखला, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे पत्ते. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरायचा. खरं तर ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशिरा दिली तरी नोंद होते. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मसुद्यात चारही नावं कब्जेदार सदरी आहेत ना, एवढं तेवढं डोळ्यांत तेल घालून बघा. अर्जावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात असं नाही आणि तो मुलानेच द्यावा असंही नाही. चौघांपैकी कुणीही देऊ शकतं, तुम्हीसुद्धा.